तुम्ही विचारलंत म्हणून: आधी विमान, आधी हॉटेल की आधी तिकीट?

ख्रिसमस उलटला की मला हटकून एकच प्रश्न येतो. 'सिक्स नेशन्सचा एखादा सामना धरून शनिवार-रविवार बाहेर जाऊन यावं म्हणतोय. सुरुवात कशापासून करू? विमान, हॉटेल की सामन्याचं तिकीट?' सिक्स नेशन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली यांची दर वर्षीची रग्बी स्पर्धा. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात. नोकरीपायी इंग्लंडात आलेले, क्रिकेटवर वाढलेले आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने रग्बीला लागलेले.

माझं उत्तर ऐकून ते जरा चक्रावतात. मी म्हणते, सुरुवात शेवटच्या शिट्टीपासून करा. सामना किती वाजता संपणार, तेव्हा तुम्ही मैदानाच्या कुठल्या बाजूला असणार आणि तिथून रात्री पाठ टेकायला कुठे जाणार, एवढं आधी ठरवा. मग तिथून मागे मागे येत बाकीचं बसवा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मार्च २०२४ मध्ये मी आणि माझी मोठी बहीण रोमला गेलो होतो, इटली विरुद्ध स्कॉटलंड बघायला. ताईला रग्बीत काडीचा रस नव्हता. तिला रोम बघायचं होतं आणि मला सोबत हवी होती. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, शनिवारी सकाळी शहर, दुपारी सामना आणि रात्रीच्या विमानाने परत, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचलं, असा माझा हिशेब. सामना सव्वादोनला, चारला संपणार, विमान पावणेआठला. वेळच वेळ!

शनिवारी सकाळी कॉफी पिताना ताई माझ्या फोनवर तिकीट न्याहाळत होती. म्हणाली, 'अगं, इथे सव्वातीन लिहिलंय.'

'सव्वादोन,' मी म्हटलं.

तिने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. सव्वादोन ही टीव्हीवर सांगितलेली वेळ होती, लंडनच्या घड्याळाची. रोमचं घड्याळ एक तास पुढे. तिकिटावर बरोबर वेळ छापलेली होती, फक्त मी ती वाचली नव्हती.

रग्बीचा सामना ऐंशी मिनिटांचा असला तरी मधली विश्रांती, दुखापती आणि व्हिडिओ बघून निर्णय देणं धरलं तर पावणेदोन तास सहज जातात. म्हणजे शिट्टी पाचच्या पुढे. सामन्याचं मैदान स्तादिओ ऑलिंपिको, तिथून विमानतळ म्हणजे आधी ट्रामपर्यंत चालणं, मग ट्राम, मेट्रो आणि तेर्मिनी स्टेशनवरून अर्ध्या तासाची गाडी. वर शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडताना पासपोर्टची रांग. बोटं मोडून मोडून हिशेब केला आणि पावणेपाचच्या आत उठायचं ठरलं. म्हणजे शेवटची वीसेक मिनिटं सोडून.

आणि सामना तर असा रंगला होता! ताईच्या पलीकडे किल्ट घातलेले एक स्कॉटिश आजोबा बसले होते. रग्बीत पाहुण्यांसाठी वेगळा पिंजरा नसतो, दोन्हीकडचे लोक मांडीला मांडी लावून बसतात. स्क्रम झाला, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू चेंडूसाठी एकमेकांना भिडून रेटायला लागले, की ताई गोंधळलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघायची आणि मी सामन्यात गुंग. शेवटी आजोबांनीच दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून तिला दाखवलं, हे इकडचे आठ, हे तिकडचे आठ, आणि चेंडू इथून आत. मग अंगठा हलवून, तो मागून कसा बाहेर येतो तेही. उत्तरार्धात ती माझ्याआधी ओरडायला लागली होती. आणि अशा वेळी मी तिचा दंड धरून म्हटलं, 'चल, निघायला हवं.' आजोबांनी आमच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यांना वाटलं असावं, घरून काहीतरी वाईट बातमी आली.

मैदानासमोर मुसोलिनीच्या नावाचा स्तंभ अजून उभा आहे. तो ओलांडून आम्ही टायबरवरच्या पुलावर आलो आणि मागून असा आवाज उठला की ताई जागीच थांबली. कुणी काय केलं, कळायला मार्ग नाही. पुलावर आम्ही दोघी आणि एक सायकलवाला.

विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने माझ्या गळ्यातला निळा मफलर पाहिला. एकतीस-एकोणतीस, असं इटालियनमध्ये म्हणाला, मग मोडक्या इंग्रजीत, 'तुम्ही होतात तिथे?' मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. इटलीने घरच्या मैदानावर सिक्स नेशन्सचा सामना जिंकला होता, २०१३ नंतर पहिल्यांदा. अकरा वर्षांनी आलेला क्षण आणि मी तो पुलावरून ऐकला.

तेव्हापासून माझा एकच अट्टहास: सामन्याच्या रात्री त्याच शहरात मुक्काम. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे कुठेही वाचवा.

आता मूळ प्रश्नाकडे. शेवटची शिट्टी ठरली की मग सामन्याचं तिकीट, आणि ते हातात पडेपर्यंत विमानाकडे बघायचंही नाही. उलटं करणारे फार भेटतात. स्वस्त विमान दिसलं म्हणून घेतात आणि मग तिकिटासाठी दारोदार फिरतात. ज्या देशात सामना त्या देशाचा रग्बी महासंघ तिकीट विकतो, आणि परत आलेली तिकिटंही त्यांच्याच अधिकृत ठिकाणी मिळतात. त्याबाहेर जाऊ नका. डब्लिनची तिकिटं मिळणं जिकिरीचं, कारण बरीचशी तिथल्या क्लबांमधून आधीच वाटली जातात. रोमला त्या मानाने सहज मिळतात, म्हणून पहिल्या खेपेला मी रोम सुचवते. समवर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंड तिथे येतात, विषमवर्षी वेल्स, फ्रान्स आणि आयर्लंड.

वेळापत्रक बरंच आधी येतं, पण मैदान गृहीत धरू नका. २०२४ मध्ये ऑलिंपिकच्या तयारीमुळे पॅरिसजवळचं नेहमीचं मैदान, स्ताद द फ्रान्स, मोकळं नव्हतं, तर फ्रान्सने आपले घरचे सामने मार्सेय, लील आणि लियाँला खेळले. 'फ्रान्सचा सामना म्हणजे पॅरिस' असं धरून ज्यांनी आधीच हॉटेल घेतलं असेल, त्यांना पॅरिस मात्र निवांत बघायला मिळालं असेल!

भारतीय पासपोर्टवाल्यांना खरं तर व्हिसाच आधी. इंग्लंडात राहण्याचा परवाना असला तरी रोम-पॅरिससाठी शेंगेन व्हिसा लागतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे डब्लिनला तो चालत नाही, तिथला वेगळा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अर्ज करायला वेळ लागत नाही हो, अपॉइंटमेंट मिळायला लागतो. जानेवारीत जागे होऊन फेब्रुवारीचा सामना धरायचा म्हणाल तर विसरा. हॉटेल नेहमी रद्द करता येणारंच घ्यायचं. व्हिसा कचेरीला राहण्याची सोय दाखवावी लागते आणि व्हिसा नाही आला तर पैसे बुडत नाहीत.

व्हिसाच्या भानगडीत पडायचं नसेल तर एडिंबरा किंवा कार्डिफ. हे 'परदेश' का, हा वाद मी घालणार नाही. रग्बीपुरते तरी ते परदेशच, आणि हे स्कॉटिश माणसाला विचारून बघा, ठासून सांगेल. एडिंबराची सोय मला सगळ्यात आवडते. विमानतळावरून निघालेली ट्राम मरेफील्ड मैदानाच्या दाराशी थांबते आणि तशीच पुढे शहरात जाते. सामना सुटल्यावर मात्र तिच्या नादी लागू नका, हेमार्केटपर्यंत गर्दीबरोबर चालत या. तिथे इंग्लंडशी सामना असेल तर तो कलकत्ता कपासाठी असतो. कलकत्त्यात १८७३ मध्ये निघालेला रग्बी क्लब काही वर्षांतच गुंडाळावा लागला, तेव्हा मंडळींनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा कप घडवून इंग्लंडला पाठवला. कान म्हणून तीन नाग, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्रज आणि स्कॉटिश त्यावरून भांडताहेत. १९८८ मध्ये दोन खेळाडूंनी तो रात्री एडिंबराच्या रस्त्यावर चेंडूसारखा लाथाडून चेपवलाही. आपल्या रुपयांचं काय काय होतं बघा.

कार्डिफची गंमत अशी की मैदान शहराच्या बाहेर नाहीच, ऐन मध्यात आहे. स्टेशनातून उतरलात की पाच मिनिटांत दारात. चौऱ्याहत्तर हजार माणसं मावतात आणि वर सरकतं छप्पर. ते बंद असताना वेल्सचं राष्ट्रगीत ऐकणं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात शंख फुंकल्यासारखं, आवाज बाहेर जातच नाही, पुन्हा तुमच्याच अंगावर येतो. पण मैदान मध्यात असल्याचा जाच हॉटेलांच्या भाड्यात दिसतो. लोक ब्रिस्टल नाहीतर न्यूपोर्टला राहतात आणि रात्री गाडीने परततात. त्यासाठी स्टेशनाबाहेर ज्या रांगा लागतात त्यांत मी एकदा उभी राहिले आहे. दुसऱ्यांदा महाग खोली घेतली.

डब्लिनला विमानतळापर्यंत रेल्वे नाही, बसने शहरात यायचं. उलट अविव्हा मैदानाखालून चक्क लोकल जाते, पश्चिमेच्या स्टँडखालून. तरी मी सेंट स्टीफन्स ग्रीनपासून अर्धा तास चालत जाते, कारण ती चाल हाच तिथला अर्धा सोहळा. मैदानाची उत्तरेकडची बाजू एकदम बुटकी आहे. मागच्या घरांचा उजेड अडू नये म्हणून तिथे स्टँड चढवलाच नाही. आणि एक बघण्यासारखं: किक मारणारा चेंडू मांडतो तेव्हा सगळं मैदान गप्प होतं, किक पाहुण्यांची असली तरी. पन्नास हजार माणसं श्वास रोखून. कुणी खोकलं तरी ऐकू येतं.

पॅरिसबद्दल इतकंच की मैदान शहरात नाही, सँ-दनीला आहे, आणि परतीची लोकल दोन-चार सोडाव्या लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

बसायची जागा? लोक खाली, रेषेजवळचं महाग तिकीट घेतात आणि दोन तास खेळाडूंच्या पाठी बघतात. मी गोलच्या मागे, वर, स्वस्तातलं घेते. बचावाची रांग कुठे विरळ झाली, चेंडू कुठल्या फटीतून जाणार, ते वरूनच दिसतं. ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणं, होण्याआधी दोन सेकंद तुम्हाला कळलेलं असतं, हे सुख खालच्यांना नाही. सामान हॉटेलवर ठेवूनच निघा, बहुतेक मैदानांत ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. आणि गरम कपडे हवेत त्याहून एक थर जास्त. फेब्रुवारीत सूर्य मावळला की खुर्चीतूनच थंडी चढते.

शेवटी सगळे विचारतात, मग शहर कधी बघायचं? रविवारी. शनिवारी सकाळी धावत-पळत कलोसियम उरकून मैदानावर पोचणाऱ्यांचं दोन्हीकडे लक्ष नसतं, मी स्वतः तसं केलंय. शनिवार सामन्याचा. मैदानापर्यंतची चाल, मग रोमवाले ज्याला 'तेर्झो तेंपो', म्हणजे तिसरा हाफ म्हणतात तो सामन्यानंतरचा गोंगाट, आणि झोप.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ताई आणि मी पुन्हा रोमला गेलो. इटलीने वेल्सला २२-१५ असं हरवलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही खुर्चीवर होतो, आणि खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत ताईने उठू दिलं नाही. रविवारी सकाळी पियाझ्झा देल पोपोलोपासून व्हिया फ्लामिनियाने सरळ चालत निघालो. हा रस्ता रोमन काळापासून असाच पोन्ते मिल्व्हिओच्या जुन्या पुलाकडे जातो, जिथे ३१२ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियसला हरवलं. पण मला त्याच्या अलीकडचं काही दाखवायचं होतं. रस्त्यापासून जरा आत स्तादिओ फ्लामिनिओ आहे, १९६० च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, आता ओसाड. इटली सिक्स नेशन्समधला आपला पहिला सामना इथे खेळली, फेब्रुवारी २००० मध्ये, स्कॉटलंडशीच. ३४-२० असा जिंकला, त्यातले २९ गुण एकट्या दिएगो दोमिंगेझचे.

ताईने गजांमधून आत डोकावून पाहिलं. मग मला विचारलं, 'आज विमान किती वाजता आहे? इथल्या घड्याळात सांग.'

'उद्या आहे,' मी म्हटलं.