‘रेफर’ या शेऱ्याच्या पुढे

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी आशा दीदी सीबॅक फॉर्म (कोणाला कोणत्या आजाराचा धोका आहे हे नोंदवण्याचा सरकारी अर्ज) भरायला आल्या आणि ‘तिशीपुढच्या सगळ्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी आहे, ताई, तुम्हीही या’ असे बजावून गेल्या. मी गेले ती तब्येतीच्या काळजीपेक्षा सवयीमुळे, कारण बँकेच्या लेखापरीक्षणात वीस वर्षे काढल्यावर कोणतीही योजना कागदावर कशी आहे आणि प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहिल्यावाचून राहवत नाही.

तपासणी अगदी साधी होती. सिस्टरने गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्लाचा बोळा लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट वाट पाहिली. पांढरा डाग उमटला, आणि माझ्या हाती ‘व्हीआयए पॉझिटिव्ह, रेफर’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी आली. व्हीआयए म्हणजे आम्ल लावून नुसत्या नजरेने केलेली हीच तपासणी, आणि रेफर म्हणजे पुढे मोठ्या रुग्णालयात दाखवा. कोणाकडे जायचे, कोणत्या वारी जायचे, याचा त्यात उल्लेख नव्हता. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, साध्या दाहानेही तो दिसू शकतो, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळले. मधल्या चार तासांविषयी न लिहिलेले बरे.

मोठ्या रुग्णालयात पहिली फेरी फुकट गेली, कारण कोल्पोस्कोपीचा, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहण्याच्या तपासणीचा, वार वेगळा होता. दुसऱ्या फेरीत तपासणी झाली, बायोप्सी घेतली आणि तिसऱ्या फेरीत अहवाल मिळाला: उपचारांची गरज नाही, वर्षाने पुन्हा दाखवा. मला रजा मिळते, रिक्षाचे भाडे परवडते. रोजंदारीवरची बाई तीन दिवसांची मजुरी बुडवून येईल का, हा प्रश्न तिथल्या बाकावर बसल्या बसल्या पडला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम २ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झाली होती, त्यामुळे सगळा भर शिबिरांची संख्या वाढवण्यावर असतो, हे समजण्यासारखे आहे. पण मुंबईत टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात याच तपासणीच्या दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, तर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात तिच्या एकाच फेरीने मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. तिथे ती दिसली एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्या विषाणूच्या चाचणीच्या गटात. तेव्हा किती जणी तपासल्या, या आकड्यावरून योजनेचे यश ठरवणे म्हणजे किती पावत्या फाडल्या ते मोजून वसुली झाली असे मानण्यासारखे आहे.

अहवाल घेऊन मी केंद्रावर परत गेले. रजिस्टरमध्ये पुढे काय झाले यासाठी रकानाच नव्हता, म्हणून सिस्टरने माझ्या ओळीच्या समासात पेन्सिलीने ‘बायोप्सी झाली, उपचार नको’ असे लिहिले. वरच्या ओळीतल्या बाईपुढे नुसते ‘रेफर’ होते. मी विचारल्यावर सिस्टरने तिचा नंबर लावला. तो बंद होता.