क्लार्कला खेळाडूंनी नववं ठेवलं!

काल रंकाळ्यावर मैत्रिणींशी लई वाद झाला, विषय काय तर डब्ल्यूएनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगची, ऑलस्टार निवड (लीगमधल्या निवडक खेळाडूंची खास मॅच असते, तिच्यासाठी). 2025 ला केटलिन क्लार्कला फॅन्सची 12,93,526 मतं पडली, सगळ्यांत जास्त, पण बरोबरच्या खेळाडूंनी तिला गार्ड्समध्ये (म्हणजे बॉल पुढं नेणाऱ्या, पास देणाऱ्या खेळाडूंत) नववं ठेवलं! तरी ती स्टार्टर, म्हणजे सुरुवातीलाच मैदानात उतरणाऱ्यांतली, झालीच, कारण फॅन्सच्या मताला 50 टक्के वजन, खेळाडू आणि मीडियाला 25-25. राखीव 12 जणी कोच निवडतात.

फॅन्सना मान पायजेच, आपल्याकडं पेठांच्या फुटबॉलला गर्दीच जान आणते की. पण ज्या खेळाडू मैदानात क्लार्कला अडवतात त्यांचं मत फक्त 25 टक्के, हे मला पटत नाही, निदान 35 तरी करा. आणि दुखापतीमुळं क्लार्क ती ऑलस्टार मॅच शेवटी खेळलीच नाही, लई वाईट वाटलं बघा.