तुमचे घड्याळ मागे आहे

नेटची वायर काढून ठेवली की बाबांचा कॉम्प्युटर ठणठणीत. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये झटकन उघडणार, पत्त्यांचा डाव लागणार, नाट्यगीतांची जुनी फोल्डरं वाजणार. प्रिंटरसुद्धा (हा एक वेगळाच प्राणी, त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी) कुरकुर न करता नोटिसा छापून देणार. वायर लावली की मात्र बँकेचं पान उघडेना, मेल येईना, विजेचं बिल भरता येईना. वर अँटिव्हायरस कोपऱ्यातून सारखं डोकं वर काढून लायसन्सबद्दल काहीतरी तक्रार करणार. वायर काढा, पुन्हा सगळी शांतता.

असा बिघाड कुणाच्या गळ्यात घालायचा? आमच्या आईबाबांचं घर ठाण्याच्या नौपाड्यात, जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. तिथे नेट येतं ते गच्च्यांवरून, या इमारतीच्या टाकीला वळसा घालून त्या इमारतीच्या कठड्यावर. ते सांभाळणारा मुलगा बोलावल्यावर येतो, ही त्याची जमेची बाजू. तो आला, दारातच चप्पल काढता काढता त्याने मोबाइलवर स्पीड मोजला आणि स्क्रीन बाबांसमोर धरली. ‘‘काका, बघा, फुल स्पीड येतोय. प्रॉब्लेम तुमच्या मशीनमध्ये आहे.’’ मग मशीनवाला आला. त्याने कॅबिनेट स्कूटरवर पायाशी ठेवून दुकानात नेलं, दिवसभर चालू ठेवलं आणि संध्याकाळी परत आणून दिलं. ‘‘काका, एकदासुद्धा हँग नाही झाला. लाइन चेक करून घ्या.’’ म्हणजे दोघंही खरं बोलत होते. एक जण खोटं बोलत असता तर भांडता तरी आलं असतं.

त्यात आईचा मोबाइल. तो त्याच घरात, त्याच वाय-फायवर मजेत चालत होता. आई गवार मोडता मोडता कीर्तनाचे व्हिडिओ बघायची आणि शेजारच्या खोलीत बाबा बँकेच्या दारात उभे असायचे. नेट आईला धार्जिणं आहे, अशी बाबांची खात्री झाली होती. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ‘फॉरमॅट मारा’ असा सल्ला दिला. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही तक्रारीवर तिसरा माणूस हाच सल्ला देतो, आणि तो देताना त्याच्या चेहऱ्यावर कमालीचं समाधान असतं, कारण डेटा त्याचा नसतो.

यात कमाल म्हणजे ब्राउझर पहिल्या दिवसापासून काय झालंय ते सांगत होता, तेही मराठीत. बाबांनी हौसेने ब्राउझरची भाषा मराठी करून घेतली आहे. बँकेचं पान उघडायला गेलं की पांढऱ्या पडद्यावर ठळक अक्षरांत ओळ यायची: तुमचे घड्याळ मागे आहे.

आता बाबांच्या मनगटावर एचएमटी जनता आहे. रोज सकाळी दात घासून झाले की ते तिला चावी देतात आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टूंवर काटे जुळवतात. अशा माणसाला एका यंत्राने ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ म्हणावं? बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून मनगट पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि स्वच्छ शब्दांत पडद्याला सांगितलं, ‘‘अजिबात नाही.’’ आणि ते पान बंद केलं. हे रोज चाललं होतं. आई आतून म्हणालीसुद्धा, ‘‘अहो, तुमचं नाही, त्याचं म्हणत असेल तो.’’ पण गवार मोडणाऱ्या माणसाचं तांत्रिक मत घरात कोण विचारात घेतं?

मी ऐरोलीत राहते. एका रविवारी सकाळी फोनवर ही सगळी कर्मकहाणी ऐकली आणि म्हटलं, ‘‘बाबा, पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय, जरा वाचा.’’

‘‘बारा वाजून बावीस मिनिटं.’’

‘‘आत्ता साडेनऊ वाजलेत.’’

‘‘हो, पण तो अमेरिकेचा टाइम असेल ना.’’

‘‘आणि तारीख?’’

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एकेक आकडा सुटा करून वाचल्यासारखा आवाज आला: ‘‘एक, एक, दोन हजार बारा.’’

म्हणजे बाबा बावीस मिनिटांपूर्वी कॉम्प्युटर चालू करून बसले होते आणि कॉम्प्युटरच्या मते २०१२ साल उजाडून बावीस मिनिटं झाली होती. काल सकाळीही त्याच्या दृष्टीने २०१२चाच पहिला दिवस होता. परवाही तोच.

एकट्या बसलेल्या यंत्राला साल कुठलं चाललंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. बेरीज २०१२ साली जेवढी यायची तेवढीच आजही येते, पत्त्यांच्या डावात राजावर राणी तशीच बसते. नेटवर मात्र दारातच तारीख लागते. बँकेची साइट उघडताना ती आधी आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र पुढे करते, आणि त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. ब्राउझर आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळात आजची तारीख बघतो आणि ती त्या दोन तारखांच्या मधे बसते का ते ताडून पाहतो. रेल्वेच्या पासासारखंच आहे हे. पास खरा, फोटो तुमचाच, पण तो पुढच्या महिन्यापासून सुरू होत असेल तर टीसी आज सोडणार नाही. २०१२ सालात बसलेल्या ब्राउझरला बँकेचं आजचं प्रमाणपत्र हे अजून सुरूच न झालेल्या पासासारखं दिसत होतं, आणि त्याने बँकेला दारातच थांबवलं होतं. आईच्या मोबाइलला ही अडचण नव्हती, कारण मोबाइल आपली वेळ नेटवर्ककडून घेतो.

या पासांच्या मुदतीही हल्ली आखूड होत चालल्यात. पूर्वी ही प्रमाणपत्रं काही वर्षं चालायची. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस झाले आणि मार्च २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर यायचं ठरलेलं आहे. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बरं आहे, बँकेलाही फेऱ्या मारू देत.’’ हयातीचा दाखला द्यायला दर नोव्हेंबरात जाणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे.

पण विंडोज तर स्वतःच नेटवरून वेळ जुळवून घेतं, मग इथे का नाही? याचं उत्तर मला फार आवडलं. घरगुती मशीनवर विंडोजची नेहमीची मर्यादा पंधरा तासांची आहे. घड्याळ त्याच्या आत मागेपुढे असेल तर ते गुपचूप सरळ करतं. पण नेट सांगतंय की तू बारा वर्षांहून जास्त मागे आहेस, तर ते ऐकून घेत नाही. एवढा मोठा फरक असेल तर सांगणाराच चुकत असणार, असं ते धरून चालतं. बाबांचं आणि त्याचं या बाबतीत अगदी एकमत होतं.

त्या दिवशी दुपारी ठाण्याला निघाले तेव्हा गाडीत बसून हेच डोक्यात घोळत होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटलेली पहिली गाडी ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली, हे आम्हा ठाणेकरांना पाळण्यातच पाठ करून घेतात. त्या वेळी गावागावाची वेळ आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. बोरीबंदर आणि ठाणे यांच्यात सूर्याचा फरक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, तेवढ्याने कुणाचं काही अडलं नाही. रूळ लांब जायला लागले तेव्हा पंचाईत झाली. मुंबईचं घड्याळ मद्रासच्या अर्धा तास मागे. रेल्वेने मद्रासची वेळ धरली, शहर मुंबई टाइमवर राहिलं, आणि स्टेशनात एक वेळ व बाहेर दुसरी असा संसार कितीतरी वर्षं चालला. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाण वेळ आली, ती मुंबई टाइमच्या ३९ मिनिटं पुढे होती. मुंबईकरांनी निषेध केले, आणि शहरात मुंबई टाइम १९५५ पर्यंत तग धरून होता. आपलं घड्याळ मागे आहे हे शहरच्या शहर पन्नास वर्षं मान्य करत नाही, तिथे बाबांना काय बोलायचं? आणि खरं तर मुंबईचं घड्याळ मागे नव्हतंच. मुंबईपुरतं ते सूर्याला धरून अगदी बरोबर होतं. रुळाने दुसऱ्या गावाला जोडलं नसतं तर त्याला कुणी मागे म्हटलंच नसतं.

नौपाड्यात पोचले तर बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कॅबिनेट आडवं करून ठेवलं होतं. हातात स्क्रूड्रायव्हर, बाजूला आईची रांगोळीचे ठिपके मोजायची टॉर्च. झाकण काढल्यावर आत राखाडी धुळीचा थर, पंख्याच्या पात्यांवर तर लोकरीसारखा. मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीच्या, खालच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत गोल सेल बसवलेला होता. बाजूची इवलीशी खिट्टी नखाने दाबली की तो टुणकन वर येतो. त्यावर कोरलेलं असतं सीआर २०३२. म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. व्होल्ट तीन. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ या सेलवर चालतं. त्या घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो, साध्या क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळात असतो तसाच. सेल गेला की वीज तुटताक्षणी घड्याळ सगळं विसरतं आणि कारखान्यात भरलेल्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतं.

बाबांना आपल्या नोकरीतले पहिलेवहिले कॉम्प्युटर आठवले. ते सुरू करताना रोज तारीख विचारायचे, आणि सायबाने सांगितलेली तारीख टाकावी लागायची. सेलवर चालणारं घड्याळ आयबीएमने पीसीत दिलं ते १९८४ च्या मॉडेलपासून. ‘‘ते बरं होतं,’’ बाबा म्हणाले, ‘‘माहीत नसेल तर विचारायचे तरी.’’

सेल तर बऱ्याच जणांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मेलेला असतो, मग त्यांना त्रास का होत नाही? कारण कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर आत थोडी वीज येत राहते आणि घड्याळ तिच्यावर निभावून नेतं. आमच्या घरी झोपण्याआधी बाबांची फेरी असते. गॅसचा नॉब, दाराची कडी, गीझर, टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळ्यांची बटणं खटाखट बंद. टीव्हीचा लाल ठिपका रात्रभर जळत राहिलेला त्यांना बघवत नाही. त्यामुळे दर रात्री साडेदहाला कॉम्प्युटरची स्मृती जायची आणि सकाळी नवं वर्ष उजाडायचं. दुकानात मशीनवाल्याने तो नेटशिवायच चालवून पाहिला, त्यामुळे त्याला तो धडधाकटच दिसणार.

आणि सेल मिळाला कुठे? गोखले रोडवर, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर. त्याने एका डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून खालच्या खणातून पुडी काढून दिली. पन्नास रुपयांतले सुटे परत आले. सेल बसवला, तारीख घातली, बँकेचं पान उघडलं. बाबांनी बॅलन्स बघितला आणि लगेच बंद केलं. एवढ्याचसाठी सगळा खटाटोप होता की काय, असा चेहरा आईने केला.

‘‘पण बरोबर वेळ ठरवतं कोण?’’ चहा घेताना बाबांनी विचारलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळं आहेत, देशाची वेळ ती राखतात, असं सांगितल्यावर ते जरा सुखावले. बटणं रात्री बंद करायची सवय मात्र सोडणार नाही म्हणाले. आता सेल आहे, तेव्हा तसं सोडायचं कारणही उरलेलं नाही. सेल कधी टाकला ते कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या आणि इस्त्रीच्या हिशेबाखाली, बारीक अक्षरात नोंदवून ठेवलंय.

एक गोष्ट तेवढी राहिली. घड्याळ बिघडलेलं असताना बाबांनी सोसायटीची बरीच कामं उरकली होती, आणि त्या सगळ्या फायलींवर १ जानेवारी २०१२ ची तारीख पडली आहे. तारखेप्रमाणे लावल्या की त्या पार तळाला, जुन्या लग्नांच्या फोटोंच्याही खाली जाऊन बसतात. तेव्हा नेटशिवायही यंत्र बिघडलेलंच होतं, फक्त त्याबद्दल कुणी त्याला विचारत नव्हतं. त्या यादीवर विश्वास ठेवायचा तर यंदाच्या लिफ्टदुरुस्तीचा खर्च लिफ्ट बसायच्या आधीच मंजूर झालाय. मी तारखा बदलून देते म्हटलं. बाबा म्हणाले, ‘‘राहू दे. रक्कम बरोबर आहे ना? मग ऑडिटरने विचारलं तर बघू.’’