खुर्ची उलटी करून पाहावी

जुने लाकडी सामान घेण्याची हौस मराठवाड्यात अलीकडे बरीच वाढली आहे. गावोगावचे वाडे आणि माळवदाची घरे उतरवली जात आहेत, त्यांतले सामान बाजारात येत आहे आणि शहरांतल्या फ्लॅटमध्ये त्याला हौशी गिऱ्हाईकही मिळत आहे. कपाट किंवा चौकट घेतली तर तिच्या उणिवांकडे थोडी डोळेझाक करता येते. बैठकीचे मात्र तसे नसते, कारण तिच्यावर रोज माणसाचे वजन पडते, ती फरशीवरून ओढली जाते आणि एखादा पाहुणा गप्पांच्या भरात मागच्या दोन पायांवर झुलतोच. म्हणून जुनी खुर्ची, बाक किंवा बंगई (लाकडी झोपाळा) निवडताना नक्षी, पॉलिश आणि विक्रेत्याने सांगितलेला इतिहास या तिन्ही गोष्टींचा विचार मी शेवटी करते.

"ताई, पॉलिश नंतर बघा, आधी खुर्ची उलटी करा," असे आमच्या घरी काम करणारे मिस्त्री म्हणतात आणि निवडीचे निम्मे काम तेवढ्यात होते. खुर्चीच्या पोटाला सहसा कोणी पॉलिश चढवत नाही. तिथे बोटे फिरवली की हाताने मारलेल्या रंध्याचे हलके चढउतार जाणवतात, तर यंत्रावर चिरलेल्या फळीवर गोल करवतीच्या कमानदार रेघा उमटलेल्या दिसतात. सांध्यात एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असेल, तर काम जाणत्या सुताराचे आहे असे समजावे. त्यावर नंतर कोणी खिळे मारले असतील किंवा लोखंडी पट्ट्या जोडल्या असतील, तर सांधा पूर्वीच सैल झाला होता. स्क्रूवरूनही काळ ताडता येतो. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या फिलिप्स स्क्रूचे पेटंट अमेरिकेत १९३६ साली झाले. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभीची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुर्चीत सगळीकडे तेच स्क्रू दिसले, तर एक तर ती पूर्ण उकलून पुन्हा जोडलेली आहे किंवा ते वय तिचे नाही.

कातीव पायांची एक खूण मला विशेष आवडते. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखे आक्रसत नाही. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आक्रसते. त्यामुळे लेथवर अगदी गोल कातलेला पाय अनेक दशकांनी किंचित लंबगोल होतो. डोळ्याला हे कळत नाही, पण कॅलिपर लावून दोन दिशांनी माप घेतले की फरक सापडतो. विक्रेता तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहतो, त्याला इलाज नाही.

सैल सांध्याला मी घाबरत नाही. जुन्या खुर्च्या सरसाने चिकटवलेल्या असतात आणि सरस कोमट पाण्याने सुटतो, त्यामुळे सांधा उकलून, साफ करून पुन्हा बसवता येतो. मधल्या काळात कोणी त्यात पांढरा फेविकॉल ओतला असेल, तर मात्र तो खरवडून काढल्याशिवाय नवा डिंक धरत नाही आणि मिस्त्रींचे काम वाढते. खरी धास्ती असते ती मागच्या पायाला बैठकीच्या चौकटीजवळ गेलेल्या चिरेची. टेकून बसणाऱ्याचा सगळा ताण तिथेच येतो, त्यामुळे तिथे चीर असलेली खुर्ची कितीही देखणी असली तरी ती शोभेचीच राहते.

आपल्या भागात एक फसगत नेहमीची आहे. माळवदाच्या घरांत मातीच्या जड छताखाली लाकडी खांब आणि तुळया असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिवकडच्या लोकांनी दगडमातीच्या अशा जड घरांचा धसका घेतला. उतरवलेल्या घरांचे सागवान आजही वखारीत फिरते आणि त्यातून बनवलेले बाक व दिवाण बिनदिक्कत 'पुरातन' म्हणून विकले जातात. अशा बाकाच्या पायात, जिथे खिळ्याचे काही कामच नाही तिथे, बुजवलेली भोके किंवा चौकोनी खाचा दिसतात. या वस्तू वाईट नसतात. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी वाकते. फक्त भाव लाकडाचा आणि कारागिरीचा द्यावा, वयाचा देऊ नये.

वयाबद्दल कायद्याची व्याख्या सोपी आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरायला ती किमान शंभर वर्षांची असावी लागते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या संसारातल्या बहुतेक खुर्च्या या रेषेच्या अलीकडे पडतात. त्या जुन्या आहेत, प्राचीन नाहीत, आणि रोज वापरायला त्याच बऱ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबाद, जालना, हिंगोली इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. लांब हातांच्या आरामखुर्च्या इकडे बहुधा त्या छावण्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांमधूनच वकिलांच्या आणि देशमुखांच्या वाड्यांत उतरल्या असाव्यात. पाय वर टाकून पडायला त्या उत्तम असतात; पण त्यांची बैठक खोल आणि बुटकी असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठताना हात द्यावा लागतो. घरात वडीलधारी माणसे असतील तर माप टेप घेऊनच जावे. सरळ खुर्चीची बैठक जमिनीपासून ४३ ते ४६ सेंटिमीटरवर असेल तर ती ७५ सेंटिमीटर उंचीच्या जेवणाच्या टेबलाला बसते. त्यापेक्षा बुटकी असेल तर ती खिडकीजवळ किंवा ओसरीवर शोभेल, टेबलाशी नाही. शिवाय दुकानात किमान दहा मिनिटे बसून पाहावे. लाजत टेकून लगेच उठणाऱ्याला खुर्चीची पाठ कळत नाही.

आरामखुर्ची म्हटली की वेत आलाच. हाताने विणलेल्या बैठकीच्या चौकटीला ओळीने भोके असतात आणि वेताची प्रत्येक पट्टी त्यांतून ओवलेली असते. तयार जाळी बसवलेली असेल तर भोकांऐवजी एक सलग खाच आणि तिच्यात ठोकलेली वेताची काठी दिसते. तयार जाळी बदलणे सोपे, हाताची वीण जास्त टिकाऊ. मात्र विणकर आता शोधावे लागतात, म्हणून फाटकी वीण असलेली खुर्ची घेण्याआधी विणकराचा पत्ता हाताशी असावा. सैल पडलेली पण न तुटलेली वीण खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर वाळू दिली, तर पुन्हा बऱ्यापैकी ताणली जाते. प्लास्टिकच्या नकली जाळीवर हा उपाय चालत नाही आणि तीच तिची ओळखही आहे.

वाकवलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या इराणी हॉटेली खुर्च्यांचीही सध्या चलती आहे. मूळ कल्पना जर्मन-ऑस्ट्रियन खुर्चीकार मिखाएल थोनेट यांची. त्यांच्या १८५९ च्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे केवळ सहा भाग होते आणि सुटे भाग केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. वाफेवर बीच लाकूड वाकवण्याच्या या पद्धतीचे त्यांचे हक्क १८६९ मध्ये संपले आणि मग इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या, म्हणून नुसत्या आकारावरून 'थोनेट' म्हणू नये. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी चिठ्ठी किंवा उमटवलेला छाप शोधावा. पाठीच्या कमानीत लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळत असतील तर लाकूड खरोखर वाकवलेले आहे. रेषा वळणावर तुटत असतील तर कमान कापून जोडलेली आहे आणि ती तिथेच मोडेल.

बंगईचा मोह सगळ्यांना होतो. फ्लॅटच्या स्लॅबमधला पंख्याचा हूक हलत्या माणसांच्या वजनासाठी नसतो, तेव्हा अभियंत्याला विचारल्याशिवाय फळीचा सौदा करू नये. कड्या पितळी आहेत की नुसता पितळी मुलामा आहे हे चुंबक लावून कळते, आणि झीज पाहायची ती कडीत कडी अडकते त्या आतल्या वळणावर. पुढेमागे झुलायला मोकळी जागा नसेल, तर तीच फळी पायांवर बसवून बाक करावा, हे उत्तम.

घरी आणण्याआधी किडीचा निकाल लावावा. बारीक छिद्रे असणे म्हणजे कीड जिवंत असणे नव्हे. खुर्ची काही दिवस काळ्या कागदावर ठेवावी आणि कागदावर ताजा, फिकट भुसा पडला तरच औषधोपचार करावा. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, ती बाहेरच्या पांढुरक्या भागात शिरते. पॉलिश तासण्याचीही घाई करू नये. झाकलेल्या जागी स्पिरिटचा थेंब टाकला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे, ते न खरवडता वरून पुन्हा चढवता येते. खुर्चीला जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आणि त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नको. आणि मे महिन्यात ही खुर्ची कूलरच्या थेट झोतात किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये, कारण एकीकडे ओल आणि दुसरीकडे लाही यांच्या मध्ये सापडलेला सांधा पावसाळ्यापर्यंत पुन्हा वाजू लागतो.