बेसिनचा प्लंजर आणि चिक चॉकलेट

मी लालबागच्या एका ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, म्हणजे वराती, गणपती, झालंच तर भंडारे. त्यामुळे वांद्र्यात चिक चॉकलेटच्या आठवणीत कार्यक्रम करतोय, सेकंड ट्रम्पेटला येशील का असा फोन आला तेव्हा आधी वाटलं राँग नंबर. चिक म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, ताजमध्ये बँड घेऊन ट्रम्पेट वाजवायचा, अमेरिकेतला तो जॅझ ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे चिकला. सी. रामचंद्रांचा असिस्टंट. १९५१ च्या 'अलबेला'त तर बँडसकट पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचा शर्ट घालून. आता विचारा कोणाला, भगवानदादा सगळ्यांना माहीत, हा कोणालाच नाही.

मला वाटलं नोटेशन मिळेल, घरी बसून घोटायचं. कसलं काय, कागदच नाही! सगळं रेकॉर्डवरून कानाने उतरवायचं. तीन रविवार मी आणि पियानोवाला मोबाईलवर निम्म्या स्पीडने तेच तेच ऐकत बसलो, त्यात जुनी रेकॉर्डिंग, पट्टी धड सी नाही की सी शार्प नाही, आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचं वाद्य, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक सूर खाली वाजतं, पियानोवाला सी म्हणाला की मी डी लिहायचा, दोनदा विसरलो आणि अख्खं पान फाडलं. 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' मी वरातीत शंभरदा तरी वाजवलंय पण रेकॉर्डवर नीट ऐकलं तर आम्ही इतकी वर्षं आतले अर्धे तुकडे गिळतच होतो.

लीड ट्रम्पेटला सत्तरीचे एक अंकल होते. पहिल्याच रिहर्सलला मला म्हणाले, "अरे बाबा, ओठ किती दाबतोस, माऊथपीस खातोस काय?" वरातीत ढोलाच्या वर आवाज काढायची सवय, ती जाईना. मग म्हणाले प्लंजर, तुंबलेलं मोकळं करायची ती रबरी वाटी, घेऊन ये, भोंग्यावर उघडझाप केली की वाँव-वाँव येतं. लोहार चाळीत दुकानदाराने विचारलं, कमोडचा की बेसिनचा? बेसिनचा हो, छोटा लागतो.

लायसन्सचं काम माझ्यावर ढकललं, मराठी बोलणारा मी एकटाच ना. आयपीआरएस, म्हणजे गाण्यांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी संस्था, तिच्यासाठी नऊ गाण्यांची यादी करायची, पुढे संगीतकाराचं नाव. सी. रामचंद्र, सी. रामचंद्र, सी. रामचंद्र असं लिहीत गेलो. अण्णांबद्दल तक्रार नाही हो, चाली त्यांच्याच. पण ज्याच्यासाठी कार्यक्रम, त्याचं नाव त्या रकान्यात दोनदाच आलं, दोन्ही 'नादान'ची गाणी, त्याने स्वतः संगीत दिलेला पिक्चर, तोही १९५१ चाच. असिस्टंटसाठी रकाना नसतोच. १९६७ ला गेला तेव्हा पन्नाशी जेमतेम ओलांडलेली.

कार्यक्रमाला शंभरेक माणसं आली. हॉलवाल्याने दहाला माईक बंद म्हणजे बंद असं बजावलेलं म्हणून शेवटचं गाणं जवळजवळ पळवलंच, एका ठिकाणी मी घसरलो, अंकलनी वाजवता वाजवता डोळे वटारले. पण प्लंजरच्या तुकड्याला मागून कोणीतरी सणसणीत शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी भिवंडीला वरातीची सुपारी होती. ओठ सुजलेला, तरी प्लंजर घेऊन गेलो. बँडमालक बघतच राहिले, म्हणाले, "अरे हे मोरीतलं कशाला आणलंस?"