दोघंही आपलेच मेंबर, मग?

कामगाराला चार्जशीट मिळाली की चौकशीत त्याच्या शेजारी युनियनचा माणूस बसतो, ही आमच्याकडची जुनी रीत. तो चुकला की नाही, ते नंतर बघू. या रीतीने कितीतरी जणांच्या नोकऱ्या वाचल्यात आणि मला तिचा अभिमान आहे. पण एखाद्या बाईने दुसऱ्या मेंबरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली की त्याला मिळते युनियन आणि तिला मिळतो सल्ला. "ताई, घरातलं भांडण आहे. मॅनेजमेंटच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

मी युनियनच्या कमिटीवर आहे. मागे एका पदाधिकाऱ्याविरुद्धच तक्रार आली. काय घडलं, कुठल्या खात्यात, यातलं काही लिहिणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ त्याला मनाई करतं, आणि ते बरोबरच आहे. आमच्या बाजूने काय करावं लागलं, तेवढं सांगते.

पहिलं काम झेरॉक्सचं. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीला तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. गेटसमोरच्या दुकानात सेकंड शिफ्टची माणसं चहा घेत उभी असतात आणि दुकानदार प्रत्येक कागद वाचतो. मग दोघी रिक्षा करून पार स्टँडजवळ गेलो. गोपनीयता अशी असते, रिक्षाभाड्याची. अर्जातली भाषाही तिचीच ठेवली. एकाने "जरा सौम्य करा" म्हटलं, त्याला मी चहा आणायला पाठवलं.

मग बदलीचा घोळ. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं, तर समिती दोघांपैकी कुणाचीही बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही देता येते. प्रत्यक्षात "तुमच्याच सोयीसाठी" म्हणत हलवतात बाईलाच. ओव्हरटाइम बुडतो, सोबतिणी सुटतात, आणि गावभर बोभाटा की हिनंच काहीतरी केलं असेल. आम्ही अर्जात स्पष्ट लिहिलं: त्याला हलवा.

समेटाचंही तसंच. कायद्याने समेट होतो, पण तिने मागितला तरच, आणि पैशाच्या तडजोडीवर नाही. युनियनच्या ऑफिसात दोघांना समोरासमोर बसवून 'सॉरी' म्हणायला लावणं म्हणजे समेट नव्हे.

कुणीतरी असंही सुचवलं की समितीचा अहवाल आला तरी खातेनिहाय चौकशी पुन्हा पहिल्यापासून लावायची मागणी करू. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल. त्या बाईला तेच सगळं परत सांगायला लावायचं? मी निकालाची प्रतच टेबलावर ठेवली.

त्याला मदत मिळू नये, असं माझं म्हणणं नाही. मिळू दे. पण तिच्यासोबतचा माणूस वेगळा, त्याच्यासोबतचा वेगळा. या दोन सोबत्यांनी एकमेकांशी केसबद्दल बोलायचं नाही, आणि पदाधिकारी असेल तर निकाल लागेपर्यंत पदावरून बाजूला. याचा ठराव मी मांडला. अध्यक्ष म्हणाले, "उद्या कुणीही उठून तक्रार करेल." म्हटलं, साहेब, करू दे की, त्यासाठीच तर वर्गणी भरतात.

ठराव थोड्याच मतांनी पास झाला. विरोधात हात वर करणाऱ्यांत दोन बायका होत्या. दोघींचे नवरे इथेच कंत्राटावर आहेत. त्यांच्याशी बोलायचं अजून राहिलंय.