एकट्यानं पोहताना नेम टिकवायचा तर

सोलापुरात चाळिशीच्या आसपास पोहण्याचा सराव करायचा म्हणजे बहुतेक वेळा एकट्यानंच. टँकवरचे सर शाळकरी पोरांच्या मागे असतात. मोठ्या माणसाला उत्तर ठरलेलं: पोहता येतंय ना, मग मारा की फेऱ्या! माझ्या अनुभवात कंटाळा घरी कमी येतो, पाण्यात जास्त. तिसऱ्या शंभर मीटरनंतर भिंतीला हात टेकला की 'आता काय मारू?' असा प्रश्न पडतो आणि उरलेली बॅच गप्पांत जाते. म्हणून उतरल्यावर ठरवायला काही शिल्लकच ठेवत नाही.

रात्रीच चिठ्ठी लिहितो. जेल पेनची शाई ओलीनं पसरते, पेन्सिल टिकते. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठावरच्या फरशीला ओली चिकटवायची, वर घड्याळ ठेवायचं. पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचमध्ये 1200 मीटर नीट बसतात: 200 सावकाश, मग 50 चे चार, त्यात एक हात पुढं पोचल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, मग 100 चे सहा, हा मुख्य भाग, 25 चे चार जोरात, शेवटी 100 हळू.

मुख्य भागाचा वेग अंदाजानं धरू नये. एके दिवशी अंग गरम करून 400 मीटर जमेल तेवढ्या जोरात मारायचे, पूर्ण दम खाऊन मग 200. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मी केली की दर शंभरचा टिकाऊ वेग मिळतो. 400 ला दहा मिनिटं आणि 200 ला चार मिनिटं चाळीस सेकंद लागले, तर फरक 320 सेकंद, निम्मे 160, म्हणजे शंभरला दोन चाळीस. अशा माणसानं दर तीन मिनिटांनी सुटायचं. वेळेत पोचलात तर वीस सेकंद विश्रांती, रेंगाळलात तर तेवढी कमी. 'दम लागला, जरा थांबू' हा निर्णय मग आपल्या हातात राहत नाही. सोबत पोहणारा गडी जे काम करतो, तेच हे घड्याळ करतं.

पहिला शंभर हमखास फार जोरात जातो. दोन पंचवीसला आलात की पाचवा तीन मिनिटांवर जातो आणि मन खट्टू होतं. पहिले दोन मुद्दाम दोन पंचेचाळीसनं काढावेत. शिवाय दर 25 मीटरला हात किती पडले ते मोजायचे. बावीसचे सव्वीस झाले, तर हात पाणी धरत नाही, नुसता घसरतोय. तिथं आणखी जोर लावला की खांदा धरतो. तेव्हा मुख्य भाग तिथंच थांबवून हळू 50 मारावेत. याला मी हार मानत नाही. वहीत तारीख, सरासरी वेळ आणि हातांचा आकडा एवढंच लिहितो. 400 आणि 200 ची चाचणी चार-पाच आठवड्यांनी पुन्हा घ्यावी, पण एप्रिल-मे मध्ये नको. स्पर्धेसाठी पाणी 25 ते 28 अंश लागतं. आपल्याकडं उन्हाळ्यात उघड्या टँकचं पाणी तापतं, नाडी लवकर चढते, वेळ वाढतो आणि माणूस उगाच निराश होतो. त्यात परीक्षा संपल्या की पोरांची झुंबड, सरळ लांबी मिळत नाही. त्या दिवसांत पहिलीच बॅच धरावी.

एकट्यानं एक गोष्ट मुळीच करू नये: भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली लांब जाणं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि कळायच्या आत शुद्ध हरपते. जीवरक्षक काठावर नसेल तर उतरूच नये.

नेम मोडायचं खास सोलापुरी कारण म्हणजे पाण्याचा दिवस. नळाला पाणी येतं ते दिवस सोडून सोडून, आणि ते नेमकं सकाळी आलं तर टाकी भरायची की टँकवर जायचं? मी वार धरत नाही; आठवड्याला तीन बॅच एवढंच धरतो आणि पाण्याच्या दिवशी सरळ सुट्टी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री जागरण होतं आणि जानेवारीतलं पाणीही गार, तेव्हा दोनच.

पुढं तारीख दिसत असली की वही भरते. मास्टर्स गटाच्या स्पर्धा 25 वर्षांपासून पुढं, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत असतात, त्यामुळं पोरांशी बरोबरी करावी लागत नाही. समुद्राची हौस असेल तर मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी स्पर्धा होते.

टंचाईत टँक बंद झाला तर रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, कंबरेत वाकून हात ओढायचे: वीसचे तीन, दिवसाआड. टँक उघडल्यावर पहिल्या आठवड्यात 1200 नाही, सातशेच मारायचे.